चार महिने झाले, तरी टेबलावर पाहुणाच का वाटतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स: खेळाडूंनी टेबलाभोवती बसून एकेक पात्र (‘कॅरेक्टर’) व्हायचं आणि फाशांच्या मदतीने मिळून गोष्ट पुढे न्यायची. पाच जणांचा असा एक ग्रुप तीन वर्षं दर पंधरा दिवसांनी खेळतोय. विचारणारे चार महिन्यांपूर्वी सहावे म्हणून त्यात आले. सगळे नीट वागतात, खेळही आवडतो, पण जुन्या किश्शांवर बाकीचे हसायला लागले की आपण बाहेरचे आहोत असं वाटतं. त्यात स्वभाव अबोल, आवाज बदलून बोलणं जमत नाही. या खेळातून खरंच मैत्री होते, की सेशन संपलं की सगळं संपलं? आणि हा ग्रुप सोडून दुसरा शोधावा का?

मी वीस-एक वर्षं डीएमची (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट मांडणारा आणि खेळ चालवणारा) खुर्ची सांभाळतोय. या काळात माझ्या टेबलावर बरेच जण नव्याने आले, काही टिकले, काही निघून गेले. गेलेल्यांतले निदान दोन जण माझ्या चुकीमुळे गेले. त्यामुळे तुमचा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ओळखीचा आहे.

आधी साधा हिशेब करू. पंधरा दिवसांतून एकदा, तीन तास. चार महिन्यांत आठ सेशन्स, म्हणजे चोवीस तास. कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली नेमका हाच विषय अभ्यासला होता, की मैत्री व्हायला किती तास लागतात. नव्या गावी राहायला गेलेले प्रौढ आणि नुकतेच कॉलेजात आलेले विद्यार्थी यांना विचारून त्यांनी अंदाज काढला. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, ‘हा माझा मित्र’ असं म्हणण्यापर्यंत यायला ९०, आणि जिवलग म्हणावं अशा मैत्रीला २०० तासांच्या वर. हे आकडे घड्याळ लावून पाळायचे नसतात, पण तुमच्या बाबतीत ते डोळे उघडणारे आहेत. तुम्ही अजून पहिल्या पायरीच्या निम्म्यावरही पोचलेला नाहीत. बाकीच्या पाचांची तीन वर्षं मोजा. रद्द झालेली सेशन्स वगळली (ती असतातच, ड्रॅगनपेक्षा कॅलेंडरनेच जास्त कॅम्पेन्स, म्हणजे महिनोन्महिने चालणाऱ्या कथा, मारल्या आहेत) तरी दोनशे तास सहज भरतात. तुम्ही आपल्या चोवीस तासांची तुलना त्यांच्या दोनशेशी करताय आणि स्वतःलाच नापास करताय.

पण नुसते तास भरून भागत नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एकत्र काम करण्यात गेलेले तास मैत्रीच्या दृष्टीने तितकेसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, थट्टामस्करी, खेळ यांत गेलेले पडतात. आता टेबलावर काय होतं ते आठवा. इनिशिएटिव्ह (लढाईतला पाळीचा क्रम), हिट पॉइंट्स (किती जीव उरला), ‘थांब, हा स्पेल नक्की किती फुटांवर चालतो?’ हे सगळं खेळाच्या नावाखाली केलेलं कामच आहे. तीन तासांच्या सेशनमध्ये खरोखर एकमेकांशी बोलण्याचा वेळ चाळीस मिनिटं निघाला तरी पुष्कळ. मैत्री त्या चाळीस मिनिटांत होते, आणि तो वेळ वाढवणं काही प्रमाणात तुमच्याही हातात आहे.

तुम्हाला खुपतात ते जुने किस्से. जुन्या ग्रुपकडे आठवणींचा साठा असतो आणि त्यात तुम्ही कुठेच नसता. ते मुद्दाम वगळत नाहीत, त्या वेळी तुम्ही तिथे नव्हतात इतकंच. यावर बहुतेक नवे खेळाडू जो उपाय करतात तो चुकीचा असतो. ते काहीतरी जबरदस्त करून दाखवायला जातात. राक्षसाच्या पाठीवर उडी मारतात, राजाला शिवी देतात. कधी फासा साथ देतो, किस्सा होतो. पण बहुतेक वेळा पार्टी, म्हणजे सगळ्या कॅरेक्टर्सची टोळी, अडचणीत येते आणि वर सगळे कपाळाला हात लावतात.

त्यापेक्षा वही घ्या.

मी गंमत करत नाहीये. प्रत्येक ग्रुपला सेशनची नोंद ठेवणारं कुणीतरी हवं असतं आणि जवळपास कुठल्याच ग्रुपमध्ये ते कुणी मनापासून करत नाही. डीएमलाही आठवत नसतं की सराईवाल्याचं नाव मागच्या वेळी आपण काय ठेवलं होतं. तुम्ही अबोल आहात, म्हणजे ऐकता. ऐकणाऱ्याला या टेबलावर फार किंमत आहे, फक्त ती किंमत दिसायला हवी. पुढच्या सेशनच्या सुरुवातीला ‘मागच्या वेळी काय झालं, ते मी सांगतो’ असं म्हणा. पाच मिनिटं. नकाशा आणि खजिना यांची यादी वाचू नका. कोण काय बोललं, कोण कशामुळे चिडलं, कुणाचा फासा कुठे दगा देऊन गेला, ते सांगा. लोकांना आपलं केलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला फार आवडतं. आणि दोन महिन्यांनी त्याच पाचांना एखादी गोष्ट आठवत नसेल तेव्हा सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतील. जुन्या साठ्यात तुम्ही नाही, ठीक आहे; नवा साठा तुमच्या हस्ताक्षरात आहे.

वहीचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. तो सांगण्यासाठी एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक मुलगी आली. ग्रुप चार जणांचा, दोन वर्षं जुना. तिने दिवटी धरणारं एक साधं कॅरेक्टर घेतलं होतं, मोहिमेवर पगारी मजूर म्हणून आलेलं. पहिली पाच-सहा सेशन्स ती ‘मी उजेड दाखवते’ आणि ‘मी मागे थांबते’ याखेरीज फार काही बोलली नाही. मला वाटलं, ही काही टिकत नाही. मग एका सेशनला पार्टी एका पडक्या मठाखालच्या भुयारात शिरली. भुयारात कमरेएवढं पाणी. पलीकडे मी मोठ्या हौसेने एक सापळा लावून ठेवला होता. आमच्यात एक जण योद्धा खेळायचा, सगळ्यात बडबड्या, सगळ्यात पुढे पळणारा. त्या दिवशी तो पाण्यापाशी थांबला आणि म्हणाला, ‘दुसरा रस्ता शोधू.’ बाकीचे वैतागले. कुणी दोर काढला, कुणी पाण्याची खोली विचारली. ही मुलगी वहीत काहीतरी शोधत होती. मग तिने आपल्या कॅरेक्टरच्या वतीने त्याला विचारलं, ‘तुमच्या भावाचं नाव काय होतं?’

दोन वर्षांपूर्वी, कॅम्पेनच्या अगदी सुरुवातीला, त्याने आपल्या कॅरेक्टरचा धाकटा भाऊ नदीत बुडाल्याचं एका वाक्यात सांगितलं होतं. मध्ये एकदा ते पुसटसं परत आलं होतं, तेवढंच हिच्या वहीत होतं. मी तर साफ विसरलो होतो. त्याने कॅरेक्टर शीट, म्हणजे कॅरेक्टरची माहिती लिहिलेला कागद, उलटी केली. मागच्या बाजूला, पेन्सिलीने, एका कोपऱ्यात नाव लिहिलेलं होतं. खोडून पुन्हा लिहिलेलं. पहिल्या दिवसापासून ते तिथे होतं आणि आम्ही कुणीच त्याला विचारलं नव्हतं. पुढची वीस मिनिटं फासा कुणी हातात घेतला नाही. दिवटीवाली आणि योद्धा पाण्याच्या काठावर बसून बोलत राहिले, आणि बाकीचे तिघं हळूहळू त्यात आले. माझा सापळा तसाच राहिला. तो मी पुढे कधीच वापरला नाही.

पुढच्या सेशनला त्या योद्ध्याने आपल्या शेजारची खुर्ची बॅग ठेवून अडवली होती. कुणासाठी, ते त्याने सांगितलं नाही.

तिने त्या दिवशी अभिनय केला नव्हता, आवाज बदलला नव्हता, फाशावर मोठा आकडाही काढला नव्हता. दुसऱ्याच्या कॅरेक्टरबद्दल एक नेमका प्रश्न विचारला होता. या छंदात प्रत्येक जण आपल्या कॅरेक्टरबद्दल सांगायला आतुर असतो आणि विचारणारं कुणी नसतं. तुम्ही पुढच्या सेशनला ठरवून एकच करा: डीएम सोडून उरलेल्या चौघांपैकी एकाच्या कॅरेक्टरला एक प्रश्न. ‘तू हा अंगठीचा खेळ का करत असतोस?’ इतका साधा चालेल. उत्तर आलं की लिहून ठेवा आणि तीन सेशन्सनी ते कुठेतरी परत काढा.

मुळात हा छंद अशाच बोलण्यातून जन्माला आला, हे थोडं अवांतर सांगतो. १९६९ मध्ये डेव्हिड वेस्ली नावाच्या खेळियाने मिनियापोलिस-सेंट पॉल भागातल्या आपल्या युद्धखेळाच्या मंडळींसाठी एक डाव मांडला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव आणि त्याच्या दिशेने येणारी सैन्यं. नुसते सेनापती न ठेवता त्याने बाकीच्यांना गावातली माणसं केलं: महापौर, बँकर, विद्यापीठाचा कुलगुरू. झालं असं की मंडळी सैन्याकडे बघेचनात. कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कारस्थानं करू लागली, द्वंद्वयुद्धाची आव्हानं देऊ लागली. वेस्लीला वाटलं डाव फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा कधी खेळायचं म्हणून तगादा लावला. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. पुढे १९७४ मध्ये त्याने आणि गॅरी गायगॅक्सने डंजन्स अँड ड्रॅगन्स काढलं. राक्षस, तळघरं या सगळ्याच्या आधी कोपऱ्यात जाऊन बोलणारी माणसं होती.

आता आवाजाचं. २०१५ मध्ये क्रिटिकल रोल हा डी अँड डी खेळताना दाखवणारा कार्यक्रम नेटवर चालू झाला आणि या छंदाला लाखो नवी माणसं मिळाली. त्याबरोबर एक भीतीही आली, की खेळायचं तर असंच खेळायला हवं. त्या टेबलावरची मंडळी व्यावसायिक आवाज-कलाकार आहेत हो. तो त्यांचा धंदा आहे. तुम्ही ‘माझं कॅरेक्टर त्याला हळू आवाजात समजावतं, की पळून जाण्यात कमीपणा नाही’ असं तृतीय पुरुषात सांगितलंत तरी ते पूर्ण रोलप्ले, म्हणजे भूमिका निभावणं, आहे. माझ्या टेबलावरचे सगळ्यात चांगले दोन खेळाडू असेच खेळतात. आवाज काढणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, पण तीन तास घोगरा आवाज ऐकणं हीही एक शिक्षा असते.

नियमांतही तुमच्या कामाचं काही आहे. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत ‘हेल्प’ नावाची अ‍ॅक्शन आहे. आपल्या पाळीतली कृती आपण दुसऱ्याच्या मदतीसाठी खर्च करतो, त्याला अ‍ॅडव्हान्टेज मिळतं, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून त्यातला मोठा धरायचा. ११ किंवा जास्त हवे असतील तर एका फाशाने शक्यता ५० टक्के. दोन फाशांनी ७५. नवे खेळाडू हे क्वचित वापरतात, कारण त्यांना आपली पाळी वाया गेल्यासारखी वाटते. वापरून बघा, पण नुसतं ‘मी हेल्प करतो’ म्हणू नका. कशी मदत, ते एका वाक्यात सांगा: ‘मी खाली वाकतो, माझ्या खांद्यावर पाय दे.’ तो फासा नीट पडला तर पुढे किस्सा सांगताना खांदा गाळता येणार नाही.

डंजन वर्ल्ड या २०१२ च्या खेळाने तर हे थेट कागदावर आणलं. कॅरेक्टर शीटवर रिकाम्या जागा असलेली वाक्यं असतात आणि त्यात तुम्ही टेबलावरच्या दुसऱ्या कॅरेक्टर्सची नावं भरता. कुणाचा माझ्यावर विश्वास नाही, कुणाला मी काय शिकवणार आहे, अशी. त्यातलं एखादं नातं मार्गी लागलं की सेशनच्या शेवटी त्याचा अनुभवगुण मिळतो. तुमचा ग्रुप डी अँड डी खेळत असला तरी ही पद्धत उसनी घ्यायला कुणाची हरकत नसते. डीएमला म्हणा, ‘माझं कॅरेक्टर या चौघांपैकी कुणाला तरी आधीपासून ओळखत होतं असं करू या का?’ आणि मग ज्याच्याशी नातं जोडायचं त्याच्याशी बसून ठरवा. ते ठरवतानाचा अर्धा तास हा त्या चाळीस मिनिटांत मोडतो.

एक गोष्ट मात्र सांभाळा. समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३ मध्ये या खेळाडूंवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवलं की टेबलावरचा माणूस एकाच वेळी तिहेरी वावरतो: घरून आलेला माणूस म्हणून, नियम पाळणारा खेळाडू म्हणून, आणि कॅरेक्टर म्हणून. गंमत या तिन्हींच्या ये-जा करण्यात आहे, आणि भांडणंही तिथेच होतात. माझ्या एका ग्रुपमध्ये एकाचं चोर कॅरेक्टर सोबत्यांच्याच थैल्या कापायचं. विचारलं की ‘मी काय करू, माझं कॅरेक्टरच तसं आहे.’ मी डीएम असून महिनाभर गप्प बसलो, कारण नियमात बसत होतं. थैली कॅरेक्टरची गेली होती, पण राग माणसाला आला होता. तो ग्रुप मोडला आणि त्यातले दोघं आजही एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्हाला टेबलावर काही लागलं तर ते कॅरेक्टरच्या तोंडून काढू नका. सेशन संपल्यावर, माणसाने माणसाला सांगावं तसं सांगा.

सेशन संपल्यावर या शब्दांवर जरा थांबतो. प्रत्यक्ष भेटत असाल तर पंधरा मिनिटं आधी जा आणि आवरायला शेवटपर्यंत थांबा. मिनिएचर (कॅरेक्टर्सचे छोटे पुतळे) डब्यात भरताना, नकाशा गुंडाळताना लोक जे बोलतात ते तीन तासांत बोलत नाहीत. ऑनलाइन खेळत असाल तर ‘चला, गुड नाइट’ झाल्यावर लगेच कॉल कापू नका. दोघं-तिघं रेंगाळतात, त्यांच्यात रेंगाळा. आणि कधीतरी खेळ सोडून दुसऱ्या कशासाठी तरी एकाला विचारा. पाचांना एकदम नको, एकालाच.

आता सगळ्यात कामाचा उपाय, जो मी शेवटी ठेवला कारण त्याला थोडं धाडस लागतं. जुन्या कॅम्पेनमध्ये तुम्ही नेहमीच तीन वर्षांनी मागे असणार. पण नव्या खेळात सगळेच नवे असतात. पुढच्या वेळी एखादा खेळाडू येणार नसेल आणि सेशन रद्द व्हायची वेळ आली, तर म्हणा, ‘आपण एक वन-शॉट खेळू, मी आणतो.’ वन-शॉट म्हणजे एका बैठकीत संपणारा खेळ. डीएम व्हायची भीती वाटत असेल तर डीएम नसलेले खेळ आहेत. जेसन मॉर्निंगस्टारचा फियास्को (२००९) हा बिनडोक महत्त्वाकांक्षेने फसणाऱ्या माणसांचा खेळ आहे आणि एका बैठकीत संपतो. अ‍ॅव्हरी ऑल्डरचा द क्वाएट इयर (२०१३) त्याहून शांत: पत्ते ओढायचे आणि एका वस्तीचा वर्षभराचा नकाशा सगळ्यांनी मिळून काढायचा. तो मुळात दोन ते चार जणांचा आहे, म्हणजे दोघं-तिघं गैरहजर असतील त्या दिवशीच काढा. अबोल माणसासाठी तो मला विशेष आवडतो, कारण बोलायची पाळी ठरलेली असते आणि हात चित्रात गुंतलेला असतो. तुमच्या डीएमला तीन वर्षांत पहिल्यांदा नुसतं खेळायला मिळेल. तो हे विसरणार नाही, एवढं मी डीएम म्हणून खात्रीने सांगतो.

राहिला ग्रुप सोडण्याचा प्रश्न. मी वर म्हटलं की दोघं माझ्या चुकीमुळे गेले. त्यातल्या एकाने जाताना सांगितलं होतं, ‘तुम्ही लोक छान आहात, पण मी प्रश्न विचारला की तुम्ही आधी एकमेकांकडे बघून हसता, मग उत्तर देता.’ खरं होतं. आम्हाला ते कळतही नव्हतं. त्याने पाचव्या सेशनला सांगितलं असतं तर कदाचित तो आजही खेळत असता. पण सांगायची जबाबदारी त्याची नव्हती, विचारायची माझी होती. तरीही, तुमचा डीएम माझ्यासारखाच आंधळा असू शकतो. म्हणून सोडायच्या आधी एकदा त्याच्याशी एकट्याने बोला आणि थेट मागा: ‘जुना संदर्भ आला की मला दोन वाक्यांत सांगाल का?’ चांगला ग्रुप असेल तर किस्सा तुम्हाला सांगण्याच्या निमित्ताने ते तो पुन्हा जगतील, आणि खूश होतील.

वर सांगितलेलं करून आणखी आठ-दहा सेशन्स द्या. पन्नास तासांच्या आसपास याल. तेव्हाही तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तुमच्या कॅरेक्टरबद्दल कुणालाच काही विचारावंसं वाटत नसेल, तर शांतपणे निघा. आणि एका बाबतीत आठ सेशन्सही थांबू नका. जॉन स्टाव्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड पुष्कळ टेबलांवर असतं: फुली काढलेला एक कागद, एखादा विषय नको वाटला की त्याला हात लावायचा, कारण द्यावं लागत नाही, आणि गोष्ट पुढे सरकते. कागद नसला तरी ‘हे नको’ म्हटल्यावर थांबणं कुठल्याही टेबलाला जमायला हवं. तुमच्या ‘नको’ची थट्टा झाली तर त्याच दिवशी शीट उचला.

पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं काही दिसत नाही. तुमच्या शेवटच्या ओळीत एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: मागच्या सेशनला तुम्हाला यायला उशीर झाला आणि त्यांनी दारापाशी पोचलेल्या पार्टीला तुम्ही येईपर्यंत दार उघडू दिलं नाही. पाच जण, बंद दार, आणि वीस मिनिटं कुणी फासा टाकला नाही. का थांबलात, असं त्यांना एकदा विचारून बघा.